लेक्सिंग्टन व्यसनोपचार रुग्णालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराजवळ, १९३५ ते १९७४ या काळात चाललेली अंमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचारांची संघीय संस्था. कायद्यातील तिचे मूळ नाव ‘नार्कोटिक फार्म’ असे होते. शिक्षा भोगणारे कैदी व स्वेच्छेने दाखल होणारे रुग्ण यांना एकाच आवारात ठेवून त्यांचे व्यसन सोडविण्याचा त्या देशातील हा पहिला मोठा सरकारी प्रयत्न होय. तुरुंगातील व्यसनी मनुष्य अपराधी की रुग्ण, हा प्रश्न संस्थेच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. येथील कैद्यांवर झालेल्या चाचण्यांतून व्यसनोपचाराचे जे ज्ञान सिद्ध झाले, ते पुढे जगभर वापरले गेले. परंतु त्याचा लाभ तुरुंगांतील कैद्यांना मात्र फार उशिरा व अपुऱ्या प्रमाणात मिळाला.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अफू व मॉर्फीन यांचे व्यसन मुख्यतः वैद्यकीय उपचारांतून उद्भवत असे. वेदनाशमनासाठी डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनाची अंतःक्षेपणे आणि बाजारात मुक्तपणे मिळणारी पेटंट औषधे ही त्याची प्रमुख कारणे होती. अशा व्यसनी लोकांत मध्यमवर्गीय स्त्रियांचे प्रमाण मोठे होते व समाज त्यांना गुन्हेगार मानीत नसे. डिसेंबर १९१४ मध्ये हॅरिसन कायदा संमत झाला आणि ही स्थिती पालटली. हा कायदा वरकरणी नोंदणी व कर यांच्यापुरता मर्यादित होता. परंतु केवळ व्यसन भागविण्यासाठी डॉक्टरने मॉर्फीन लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये वेब खटल्यात दिला. व्यसनी रुग्णांना नियंत्रित मात्रा देण्यासाठी काही नगरांनी त्या सुमारास चिकित्सालये उघडली होती. तीही १९२०–३० या दशकाच्या पूर्वार्धात बंद पाडण्यात आली.

परिणामी व्यसनी मनुष्य डॉक्टरकडून काळ्या बाजाराकडे आणि तेथून तुरुंगाकडे ढकलला गेला. ॲटलांटा, लेव्हनवर्थ व मॅक्नील बेट येथील संघीय तुरुंग दारूबंदीच्या कायद्यामुळे आधीच भरलेले होते. १९२८ च्या सुमारास संघीय कैद्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश कैदी अंमली पदार्थांविषयक गुन्ह्यांखाली शिक्षा भोगत होते. त्यांच्यासाठी उपचारांची सोय नव्हती. नेहमीचे द्रव्य एकदम बंद करून कोठडीत ठेवणे, हीच सर्वसाधारण रीत होती. तुरुंगात चोरून येणारे अंमली पदार्थ आणि त्यांमुळे बिघडणारी शिस्त यांबद्दल तुरुंगाधिकाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. पेनसिल्व्हेनियाचे काँग्रेस-सदस्य स्टीव्हन जी. पोर्टर यांनी मांडलेले विधेयक १९ जानेवारी १९२९ रोजी कायद्यात रूपांतरित झाले. त्यान्वये व्यसनी व्यक्तींच्या ‘स्थानबद्धते’साठी व ‘उपचारां’साठी दोन संस्था उभारण्याचे ठरले. स्थानबद्धता आणि उपचार या दोन्ही उद्दिष्टांचा एकाच वाक्यात झालेला हा उल्लेख महत्त्वाचा आहे. तुरुंगांतील गर्दी कमी करणे हा कायद्यामागील तातडीचा हेतू होता. रोगमुक्तीचे ध्येय त्याला जोडले गेले होते.

स्थापना व व्यवस्था : लेक्सिंग्टन येथील संस्था २५ मे १९३५ रोजी उघडली. सुमारे ४०० हेक्टर कुरणांच्या भूमीवर वसलेल्या या विस्तीर्ण इमारतीत एक हजाराहून अधिक व्यक्तींची सोय होती. संस्थेचे प्रशासन तुरुंग विभागाकडे नव्हते, ते सार्वजनिक आरोग्य सेवेकडे होते. मात्र खिडक्यांना गज होते, दारे कुलूपबंद असत आणि कैद्यांच्या हालचालींवर पहारा असे. १९३६ मध्ये ‘फार्म’ हा शब्द वगळून तिला सार्वजनिक आरोग्य सेवेचे रुग्णालय असे नाव देण्यात आले. टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ येथे अशीच दुसरी संस्था १९३८ मध्ये सुरू झाली. प्रारंभी लेक्सिंग्टन येथे केवळ पुरुषांना प्रवेश होता. १९४१ पासून स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला.

संस्थेचे पहिले प्रमुख वैद्यकीय अधिकारी लॉरेन्स कोल्ब (१८८१–१९७२) हे होते. अफूजन्य द्रव्ये माणसाला हिंसक गुन्हेगार बनवितात, हा त्या काळी रूढ असलेला समज त्यांनी आपल्या लेखनातून खोडून काढला होता. ही द्रव्ये माणसाला उत्तेजित न करता शांत करतात, व्यसनी माणसाचे बहुतेक गुन्हे द्रव्य मिळविण्याच्या धडपडीतून घडतात आणि म्हणून त्याला शिक्षेपेक्षा उपचारांची गरज आहे, असे त्यांचे मत होते. १९३० मध्ये स्थापन झालेल्या संघीय अंमली पदार्थ विभागाचे आयुक्त हॅरी ॲन्सलिंगर यांचे धोरण याच्या विरुद्ध टोकाचे होते. तथापि कोल्ब यांच्या विचारालाही एक मर्यादा होती. बहुसंख्य व्यसनी व्यक्तींच्या व्यक्तिमत्त्वात मुळातच दोष असतो, असे ते मानीत. या दृष्टीने पाहता रोगाचे मूळ सर्वस्वी रुग्णाच्या मनात शोधले गेले. त्याची वस्ती, बेकारी, संगत आणि सुटकेनंतरचे आयुष्य यांना उपचारांच्या आराखड्यात फारसे स्थान उरले नाही.

रुग्ण व दिनक्रम : येथील रुग्णांचे तीन वर्ग होते. पहिला संघीय न्यायालयांनी शिक्षा दिलेल्या कैद्यांचा, दुसरा उपचार घेण्याच्या अटीवर परिवीक्षेवर सोडलेल्यांचा व तिसरा स्वेच्छेने आलेल्यांचा. स्वेच्छेने आलेल्या रुग्णाला त्याच्या मनाविरुद्ध अडकवून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने १९३६ मध्ये ठरविले. त्यामुळे शरीराचा त्रास ओसरताच यांपैकी बहुसंख्य रुग्ण डॉक्टरांचा सल्ला डावलून निघून जात. यावर उपाय म्हणून काही काळ एक वेगळीच पद्धत योजण्यात आली. पुनःपुन्हा परत येणाऱ्या स्वेच्छारुग्णाला केंटकी राज्याच्या कायद्याखाली व्यसनी असल्याचा गुन्हा स्थानिक न्यायालयात कबूल करावा लागे. त्याला होणारी एक वर्षाची शिक्षा तो रुग्णालयात राहील या अटीवर स्थगित ठेवली जाई. केंटकीच्या प्रसिद्ध गवतावरून रुग्ण या पद्धतीला ‘ब्ल्यू ग्रास’ म्हणत. औषधासाठी आलेल्या माणसाला बरे होण्यासाठी आधी अपराधी व्हावे लागावे, हा संस्थेच्या दुहेरी स्वरूपाचा अपरिहार्य परिणाम होता.

दाखल झालेल्या व्यक्तीला प्रथम वेगळ्या कक्षात ठेवून मॉर्फिनाची मात्रा काही दिवसांत क्रमाक्रमाने उतरविली जाई. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मॉर्फिनाऐवजी मेथडोनाचा वापर होऊ लागला. एकदम द्रव्य तोडण्याच्या जुन्या रीतीशी तुलना करता ही मोठी सुधारणा होती. त्यानंतर रुग्णाला कामाला लावीत. गोठा, वराहपालन, शेती, शिवणकाम, लाकडी सामानाचा कारखाना व छापखाना असे विभाग आवारात होते. मोकळी हवा, नियमित श्रम व पोटभर अन्न यांनी माणूस सुधारतो, ही त्यामागील धारणा होती. मानसोपचारही दिले जात. परंतु रुग्णसंख्येच्या मानाने मानसोपचारतज्ज्ञ थोडे असल्याने त्यांचा लाभ सर्वांना मिळत नसे. मद्यपींच्या ‘अल्कोहॉलिक्स अनॉनिमस’ या स्वसाहाय्य संघटनेच्या धर्तीवर १९४७ मध्ये येथील रुग्णांनी ‘ॲडिक्ट्स अनॉनिमस’ हा गट स्थापन केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेरॉइनाचा प्रसार मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत झाला आणि रुग्णांचे स्वरूप बदलले. ते वयाने तरुण होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढत गेले. याच काळात १९५१ च्या बॉग्झ कायद्याने व १९५६ च्या अंमली पदार्थ नियंत्रण कायद्याने किमान शिक्षा बंधनकारक करून शिक्षेचा काळ वाढविला. अनेक जाझ वादकही येथे राहून गेले. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्झ यांनी १९५५ मध्ये येथे उपचार घेतले व व्यसनमुक्त होऊन त्यांनी पुढे दीर्घकाळ कीर्ती मिळविली. लेखक विल्यम बरोज हे १९४८ मध्ये काही दिवस येथे होते. त्यांच्या जंकी (१९५३) या पुस्तकात रुग्णालयाचे वर्णन आले आहे.

संशोधन : रुग्णालयाच्या आवारात १९३५ पासूनच एक संशोधन विभाग कार्य करीत होता. १९४८ मध्ये त्याला ‘व्यसन संशोधन केंद्र’ असे रूप मिळाले. वेदना शमविणारे परंतु व्यसन न लावणारे द्रव्य शोधून काढणे, हा त्याचा प्रमुख उद्देश होता. क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी प्रथम वर्जनलक्षणांचे म्हणजे नेहमीचे द्रव्य बंद केल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणांचे मोजमाप केले. जांभया, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहणे, घाम, अंगावर काटा येणे, ताप, उलट्या, वजनातील घट इ. लक्षणांना गुण देऊन त्यांनी तीव्रतेची मोजपट्टी तयार केली. ही लक्षणे म्हणजे व्यसनी माणसाचे ढोंग नसून ती खरीखुरी शारीरिक घटना होय, हे त्यामुळे सिद्ध झाले. नव्या द्रव्याची चाचणी घेण्याची पद्धतही यातूनच निघाली. मॉर्फिनावर स्थिर केलेल्या व्यक्तीला मॉर्फिनाऐवजी नवे द्रव्य देत. त्याने वर्जनलक्षणे दबली, तर ते द्रव्यही व्यसन लावणारे ठरे. निर्धोक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेथिडिनाचा धोका याच पद्धतीने उघड झाला. जर्मनीत तयार झालेल्या मेथडोनाची तपासणीही युद्धानंतर येथेच झाली.

हॅरिस इझ्बेल यांच्या संचालकत्वाखाली आणखी दोन महत्त्वाचे निष्कर्ष हाती आले. झोपेसाठी सर्रास दिली जाणारी बार्बिच्युरेटे दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केली, तर आकडी व उन्माद उद्भवतात, हे १९५० मध्ये दाखविण्यात आले. मद्य सोडल्यावर होणारा कंपोन्माद हा कुपोषणाने नव्हे, तर मद्य तुटल्यामुळेच होतो, हे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने स्पष्ट झाले. ॲब्रहॅम विक्लर यांनी मांडलेला अभिसंधानाचा सिद्धांत तर कैद्यांच्या उपचारांच्या दृष्टीने अत्यंत मूलगामी ठरला. कित्येक महिने द्रव्यापासून दूर राहिलेला मनुष्य आपल्या जुन्या वस्तीत परतताच त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते, मळमळते व द्रव्याची तीव्र ओढ लागते, असे रुग्णांच्या सांगण्यावरून त्यांना आढळले. जागा, माणसे व वस्तू यांच्याशी व्यसन शिकण्याच्या प्रक्रियेने जोडले गेलेले असते. त्यांपासून दूर, भिंतींच्या आड ठेवल्याने ही जोड तुटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्णालयाची सारी रचना ज्या गृहीतकावर उभी होती, त्यालाच त्याच आवारातील संशोधनाने असा छेद दिला.

केंद्राचे पुढील संचालक विल्यम मार्टिन यांनी अफूजन्य द्रव्यांच्या परिणामांवरून शरीरात त्यांचे एकाहून अधिक प्रकारचे ग्राही असावेत, असे १९७६ मध्ये मांडले. अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या नाल्ट्रेक्झोनाचा अभ्यासही त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. ब्युप्रेनॉर्फिन हे द्रव्य हेरॉइनाच्या व्यसनावर दीर्घकालीन उपचार म्हणून उपयोगी पडेल, असा निष्कर्ष डॉनल्ड जासिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. तोही येथील कैद्यांवरील चाचण्यांवर आधारलेला होता.

संमतीचा प्रश्न : या चाचण्यांसाठी निवडलेले कैदी मोठ्या मुदतीच्या शिक्षा भोगणारे व अनेकदा व्यसनाकडे परतलेले होते. ते लेखी संमती देत. मोबदला म्हणून शिक्षेत सूट किंवा काही काळापर्यंत अंमली द्रव्याची मात्रा, यांपैकी एक त्यांना निवडता येई. व्यसन सोडविण्यासाठी ठेवलेल्या माणसाला व्यसनाचे द्रव्यच बक्षीस म्हणून मिळे. १९५० नंतरच्या दशकात इझ्बेल यांनी एलएसडी या भ्रमजनक द्रव्याचे प्रयोग केले. काही कैद्यांना ते ७७ दिवस सतत देण्यात आले. या प्रयोगांना केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेचा छुपा आश्रय होता, ही गोष्ट सिनेटच्या उपसमितीपुढे १९७५ मध्ये झालेल्या सुनावणीत चर्चिली गेली. बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या माणसाची संमती कितपत खरी, हा प्रश्न न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्येच उपस्थित केला होता. लेक्सिंग्टनच्या बाबतीत त्याची दखल घेण्यास सुमारे तीस वर्षे लागली. संघीय तुरुंग विभागाने १९७६ मध्ये कैद्यांवरील वैद्यकीय प्रयोग बंद केले. त्यानंतर संशोधन केंद्र मेरिलंड राज्यातील बॉल्टिमोर येथे हलविण्यात आले.

या प्रयोगांचे मूल्यमापन सोपे नाही. वर्जनलक्षणे, बार्बिच्युरेटांचा धोका व मद्याचे परिणाम यांविषयीच्या ज्ञानाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. परंतु ज्यांच्या शरीरांवर ते मिळविले गेले, त्यांच्या उपचारांची जबाबदारी संशोधन संपताच कोणावरही उरत नव्हती. शिक्षा संपली की ते गाडीत बसून पूर्वीच्याच रस्त्यावर परतत.

फलित : रुग्णालयाच्या यशापयशाचे मोजमाप सुटलेल्या रुग्णांच्या पाहणीवरून झाले. १९५२ ते १९५५ या काळात लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्क शहरात परतलेल्या १,९१२ रुग्णांची पाहणी हंट व ओडोरॉफ यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. माग काढता आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनाधीन झाले होते, तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. या आकड्याने व्यसनोपचार निष्फळ असल्याची समजूत रूढ झाली. मात्र जॉर्ज व्हेलंट यांनी न्यूयॉर्कच्या १०० रुग्णांचा बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. रुग्णालयातून सुटल्यावर जवळजवळ सर्वजण केव्हातरी व्यसनाकडे परतले होते. तरीही बारा वर्षांच्या अखेरीस त्यांपैकी जवळजवळ निम्मे व्यसनमुक्त होऊन समाजात वावरत होते. सुटकेनंतर दीर्घकाळ देखरेख लाभलेल्या कैद्यांची स्थिती थोडे दिवस राहून गेलेल्या स्वेच्छारुग्णांपेक्षा पुष्कळच बरी होती. उपचाराचे यश भिंतीच्या आत काय घडले यापेक्षा बाहेर कोणता आधार मिळाला यावर अधिक अवलंबून असते, असा या दोन पाहण्यांचा एकत्रित अर्थ होतो.

समाप्ती : केवळ व्यसनी असणे हा गुन्हा मानून शिक्षा करणे राज्यघटनेविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रॉबिन्सन खटल्यात ठरविले. व्यसनी व्यक्ती पुनर्वसन कायद्याने (१९६६) शिक्षेऐवजी न्यायालयीन आदेशाने सक्तीचे उपचार देण्याची व नंतर गावी परतल्यावर देखरेखीची सोय केली. लेक्सिंग्टनचे रूपांतर याच कायद्याखालील चिकित्सा-संशोधन केंद्रात झाले. परंतु एव्हाना स्थानिक उपचारकेंद्रे वाढू लागली होती व दूरच्या संघीय रुग्णालयाची गरज संपत आली होती. फोर्ट वर्थची संस्था १९७१ मध्ये, तर लेक्सिंग्टनची १९७४ मध्ये तुरुंग विभागाकडे गेली. तेथे आज वैद्यकीय उपचारांची गरज असलेल्या कैद्यांसाठीचा संघीय तुरुंग आहे.

तुरुंगांतील पुढील उपचार : लेक्सिंग्टननंतर तुरुंगांतील उपचारांचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह उपचारसमूहांचा होय. कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिनॅनॉन या संस्थेत पूर्वीचे व्यसनी लोकच एकत्र राहून एकमेकांना शिस्त लावीत. या धर्तीवर न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगांत १९७७ मध्ये ‘स्टे’न आउट’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात सहभागी कैद्यांना इतर कैद्यांपासून वेगळे ठेवून अनेक महिने समूहजीवनाचे शिक्षण देत. डेलावेअर राज्यात १९८८ नंतर तुरुंगातील समूहाला बाहेरील कामाच्या व निवासाच्या टप्प्याची जोड देण्यात आली. केवळ तुरुंगात उपचार झालेल्यांचा लाभ काळाबरोबर ओसरत गेला. बाहेरचा टप्पाही पूर्ण करणाऱ्यांत तो टिकला.

दुसरा प्रवाह औषधोपचाराचा होय. मारी निस्वांडर यांनी तरुणपणी लेक्सिंग्टन येथे काम केले होते. तेथील अपयश पाहिलेल्या या मानसोपचारतज्ज्ञ महिलेने व्हिन्सेंट डोल यांच्यासह न्यूयॉर्क येथे हेरॉइनाच्या रुग्णांना मेथडोनाची रोजची स्थिर मात्रा दीर्घकाळ दिली. मधुमेहाच्या रुग्णाला जसे इन्शुलिन, तसे या रुग्णांना मेथडोन, अशी त्यांची भूमिका होती. १९६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेक्सिंग्टन येथे मेथडोन केवळ काही दिवसांत द्रव्य उतरविण्यासाठी वापरीत. ते चालू ठेवणे हा नवा विचार होता. डोल यांनी न्यूयॉर्कच्या तुरुंगातील थोड्या कैद्यांना सुटकेच्या आधी मेथडोन सुरू करून बाहेर ते चालू ठेवले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मेथडोन न मिळालेल्या गटातील सर्वजण हेरॉइनाकडे परतले, तर मिळालेल्यांपैकी बहुतेकांचे पुनर्व्यसन टळले. असे असूनही न्यूयॉर्क शहराच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात मेथडोनाचा नियमित कार्यक्रम सुरू होण्यास १९८७ साल उजाडले. एचआयव्हीचा संसर्ग हे त्यामागील एक कारण होते. देशातील बहुतेक तुरुंगांनी तो मार्ग त्यानंतरही अनुसरला नाही. एका अंमली द्रव्याऐवजी दुसरे देणे म्हणजे व्यसनच होय आणि तुरुंगात असे द्रव्य चोरून विकले जाईल, या दोन आक्षेपांमुळे बाहेर मेथडोन घेणाऱ्या रुग्णाचेही औषध अटकेनंतर बहुधा तोडले जाई.

सुटकेनंतरचा धोका : अफूजन्य द्रव्य नियमित घेणाऱ्या शरीराची ते सहन करण्याची क्षमता वाढलेली असते. तुरुंगात काही आठवडे खंड पडला की ती उतरते. ओढ मात्र शिल्लक राहते. सुटलेला मनुष्य पूर्वीचीच मात्रा घेतो आणि श्वसन मंदावून दगावतो. वॉशिंग्टन राज्यातून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२·७ पट होता. अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूचा धोका १२९ पट होता. तुरुंगात द्रव्यापासून दूर ठेवणे म्हणजे उपचार, ही जुनी कल्पना केवळ अपुरीच नव्हे तर घातक आहे, हे या आकड्यांनी स्पष्ट केले.

ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून आपल्या तुरुंगांत मेथडोन, ब्युप्रेनॉर्फिन व नाल्ट्रेक्झोन ही तिन्ही औषधे गरजेनुसार देण्यास व सुटकेनंतर ती बाहेरील केंद्रांत चालू ठेवण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत २०१७ च्या त्याच काळात, नुकत्याच सुटलेल्या व्यक्तींच्या अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंत ६१ टक्के घट झाली. बाहेर सुरू असलेले असे औषध अटकेनंतर नाकारण्यास २०१८ व २०१९ मध्ये मॅसॅचूसेट्स व मेन या राज्यांतील संघीय न्यायालयांनी मनाई केली. या तिन्ही औषधांच्या अभ्यासाचा प्रवास लेक्सिंग्टनच्या कैद्यांवरील चाचण्यांतून झाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतातील स्थिती : भारतात गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी पाठविण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. रुग्ण व अपराधी यांतील सीमारेषा अशा रीतीने येथील कायद्यातही उपचारांच्या पूर्ततेशी बांधलेली आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनाचा उपचार सुरू झाला. दक्षिण आशियातील तुरुंगांमधील अशा प्रकारचा हा पहिला उपक्रम होय. लेक्सिंग्टनच्या कैद्यांवर पारखलेले औषध सुमारे तीस वर्षांनी दुसऱ्या देशातील कैद्यांच्या हाती पडले.

मूल्यमापन : लेक्सिंग्टनचा प्रयोग अयशस्वी ठरला, असे सामान्यतः म्हटले जाते. व्यसन कायमचे सोडविण्याचे उद्दिष्ट धरले, तर ते खरेही आहे. परंतु व्यसन हा अभ्यासण्याजोगा रोग आहे, ही जाणीव याच संस्थेने रुजविली आणि स्वतःच्या अपयशाची मोजदादही तिने प्रामाणिकपणे होऊ दिली. तिचा खरा दोष कैद्याचा उपचार व कैद्याची शिक्षा ही एकाच दिवशी संपविण्यात होता. कैद्यांच्या वागणुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तील चोविसाव्या नियमानुसार कैद्यांना समाजातील इतरांसारखीच आरोग्यसेवा मिळाली पाहिजे व व्यसनाधीनतेसह सर्व उपचारांत खंड पडता कामा नये. विक्लर यांनी लेक्सिंग्टनच्या रुग्णांकडून ऐकले होते, त्याचाच हा कायदेशीर अनुवाद म्हणता येईल : रोग तुरुंगाच्या दाराशी थांबत नसेल, तर उपचारही तेथे थांबून चालणार नाही. [→ अफू, औषधासक्ति, तुरुंग, मॉर्फीन]